गांजाचे स्थानिक नियमन व करआकारणी

गांजाचे स्थानिक नियमन व करआकारणी : ज्या देशांत वा राज्यांत गांजाचा व्यापार कायदेशीर ठरला आहे, तेथे नगरपालिका, काउंटी (जिल्हासदृश प्रशासकीय घटक) इ. स्थानिक शासनसंस्थांनी त्याच्या लागवडीवर, प्रक्रियेवर व विक्रीवर घातलेली बंधने आणि बसविलेले कर यांची व्यवस्था. गांजा म्हणजे भांग (कॅनाबिस सटायव्हा) या वनस्पतीच्या मादी झाडांचे राळयुक्त फुलोरे होत. तथापि करविषयक कायद्यांत त्यांपासून काढलेले अर्क, तेले व खाद्यपदार्थ यांचाही त्यांत समावेश करतात. या व्यवस्थेचे मद्याच्या नियमनाशी पुष्कळ साम्य असले, तरी एक भेद महत्त्वाचा आहे. गांजाच्या बाबतीत अवैध व्यापार आधीचा, जुना व सुसंघटित असून वैध व्यापाराला त्याच्याशी स्पर्धा करीत उभे राहावे लागते. त्यामुळे स्थानिक संस्थेने बसविलेला कर किंवा घातलेली बंदी यांचा परिणाम केवळ तिच्या महसुलापुरता राहत नाही. ग्राहक परवानाधारक दुकानात जाणार की जुन्याच विक्रेत्याकडे, हेही त्यावरून ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : गांजावर कर बसवून त्याचा वापर मर्यादित ठेवण्याचा मोठा व दीर्घकाळ चाललेला प्रयोग भारतात झाला. ब्रिटिश अमदानीत बंगालमध्ये राजशाही, बोग्रा व दिनाजपूर या जिल्ह्यांतील नौगाव परिसरापुरतीच लागवडीस मुभा होती. तेथील माल सरकारी देखरेखीखालील गोदामांत ठेवला जाई व शुल्क भरल्यावरच तो परवानाधारक विक्रेत्याकडे जाई. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी अधिनियमान्वये हा व्यापार परवान्यांखाली आला. ब्रिटिश संसदेत उपस्थित झालेल्या प्रश्नांमुळे १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांगविषयक आयोगाने (इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन) अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल सादर केला. माफक सेवनाने सहसा लक्षणीय अपाय होत नाही, पूर्ण बंदी समर्थनीय नाही व तिच्यामुळे लोक अधिक घातक मादक पदार्थांकडे वळण्याचा धोका आहे, असे आयोगाचे मत पडले. लागवड परवान्याने व ठराविक क्षेत्रातच व्हावी, पुरेसा कर असावा, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी आणि एका व्यक्तीने जवळ बाळगावयाच्या मालास मर्यादा असावी, अशा त्याच्या मुख्य शिफारशी होत्या. शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील नगरपालिकांसमोर जे प्रश्न आले, त्यांतील बहुतेकांची चर्चा या अहवालात आढळते. ती वाचून उपविधी रचणाऱ्या नगरपालिका मात्र विरळाच असाव्यात.

भारताच्या संविधानातील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीनुसार अफू व भारतीय भांग यांवरील उत्पादन शुल्काचा विषय राज्यांकडे आहे. तथापि गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांखेरीज गांजा व चरस निषिद्ध आहेत. फुलोऱ्याविरहित पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्यामुळे भांगेच्या पानांचा व्यवहार तेवढा राज्यांच्या अबकारी कायद्यांखाली राहिला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांना या क्षेत्रात स्वतंत्र कराधिकार नाही. तो अधिकार व त्यातून उद्‌भवणाऱ्या समस्या यांचा अभ्यास मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतच करावा लागतो.

तेथे गांजाविषयीचा पहिला संघीय कायदा कराच्या रूपानेच आला. १९३७ च्या मारिवाना कर अधिनियमानुसार नोंदणीकृत व्यक्तीकडे माल हस्तांतरित करताना औंसाला एक डॉलर, तर नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडे हस्तांतरित करताना औंसाला शंभर डॉलर कर द्यावा लागे. यात महसुलाचा हेतू नव्हता. ती करवेषातील बंदीच होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यातील प्रमुख तरतुदी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काशी विसंगत ठरविल्या आणि १९७० च्या नियंत्रित पदार्थ अधिनियमाने गांजाला सर्वाधिक निर्बंधित वर्गात टाकले. पुढे राज्यांनी मतदानाने वेगळा मार्ग धरला, तो या संघीय कायद्याला डावलूनच. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय वापरास मान्यता दिली. कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये प्रौढांच्या सर्वसाधारण वापरास मान्यता दिली.

कॅलिफोर्नियातील अधिकारविभागणी : १९९६ च्या कायद्यात दुकाने, परवाने वा कर यांविषयी काहीच व्यवस्था नव्हती. ती पोकळी नगरपालिकांनी आपापल्या परीने भरून काढली. ओकलंड शहराने जुलै २००९ मध्ये मतदारांच्या संमतीने गांजाविक्रेत्यांच्या एकूण विक्रीवर हजार डॉलरला अठरा डॉलर असा खास कर बसविला. देशातील अशा प्रकारचा हा पहिलाच नगरपालिका-कर होय. इतर अनेक शहरांनी दुकानांना सरसकट बंदी घातली. रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी बंदी वैध ठरविली, कारण भूमीचा वापर ठरविणे हा स्थानिक शासनाचा मूलभूत अधिकार आहे. पुढील सर्व कायद्यांचा पाया या निर्णयाने घातला गेला.

२०१५ मध्ये राज्याने वैद्यकीय गांजासाठी परवानापद्धती आणली. तिच्या मसुद्यात नजरचुकीने अशी तरतूद राहिली, की १ मार्च २०१६ पर्यंत स्थानिक उपविधी न केल्यास लागवडीचे परवाने देण्याचा अधिकार केवळ राज्याकडे जाईल. ती २०१६ च्या प्रारंभी रद्द झाली, पण तोपर्यंत अनेक शहरांनी अधिकार गमावण्याच्या भीतीने घाईघाईने बंदीचे उपविधी संमत केले होते. विचारान्ती घातलेली बंदी आणि मुदतीच्या धास्तीने घातलेली बंदी यांत भेद करणे त्यानंतर कठीण झाले, कारण एकदा झालेला उपविधी मागे घेण्यास राजकीय धैर्य लागते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सु. ५७ टक्के मतदारांनी संमत केलेल्या ६४ व्या प्रस्तावाने एकवीस वर्षांवरील व्यक्तींना २८·५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याची व घरी सहा झाडे लावण्याची मुभा दिली. किरकोळ विक्री १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. व्यवसायाला राज्याचा परवाना आवश्यक असला, तरी स्थानिक संस्थेची मान्यता नसल्यास तो मिळत नाही. घरातील सहा झाडे सोडून बाकी सर्व बाबींवर स्थानिक संस्था पूर्ण बंदी घालू शकते. शाळा, बालसंगोपनगृहे व युवक-केंद्रे यांपासून सहाशे फुटांचे अंतर राज्याने ठरविले असून तेही स्थानिक उपविधीने बदलता येते. बंदी घालणाऱ्या संस्थांना राज्याच्या काही अनुदानांस मुकावे लागते, पण हा धाक फारसा परिणामकारक ठरला नाही. निम्म्याहून अधिक शहरांनी व काउंट्यांनी किरकोळ विक्रीस परवानगी दिलेली नाही. परिणामी विस्तीर्ण भूप्रदेशात वैध दुकानच नाही. अशा भागांत घरपोच पुरवठा करता यावा म्हणून राज्याच्या नियामकांनी २०१९ मध्ये नियम केला, तेव्हा पंचवीस स्थानिक संस्थांनी त्याविरुद्ध दावा लावला. फ्रेझ्नो येथील न्यायालयाने तो २०२० मध्ये निकालात काढला. रुग्णांना होणाऱ्या पुरवठ्यावर बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मात्र २०२२ च्या कायद्याने काढून घेण्यात आला व तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून अंमलात आला.

शुल्क व कर : कॅलिफोर्नियात या दोहोंतील भेद केवळ शाब्दिक नाही. परवाना-शुल्क हे अर्जाची छाननी, तपासणी व देखरेख यांच्या वाजवी खर्चाहून अधिक असता कामा नये. त्याला मतदारांची संमती लागत नाही. कर कितीही असू शकतो, परंतु १९९६ मधील घटनादुरुस्तीमुळे त्यासाठी मतदान घ्यावेच लागते. महसूल सर्वसाधारण निधीत जाणार असेल तर साधे बहुमत, एखाद्या विशिष्ट कार्यासाठी राखून ठेवायचा असेल तर दोनतृतीयांश बहुमत आवश्यक असते. म्हणून बहुतेक नगरपरिषदा सर्वसाधारण कराचाच मार्ग पत्करतात आणि प्रचारात मात्र पोलीस, अग्निशमन व उद्याने यांचा उल्लेख करतात. मतपत्रिकेवरील प्रस्तावात सहसा कमाल दर नमूद करून त्याच्या आत प्रत्यक्ष दर ठरविण्याचा अधिकार परिषदेकडे ठेवतात. ही पद्धत व्यवहार्य आहे, कारण दर उतरविणे त्यामुळे परिषदेच्या हाती राहते. काही शहरांनी मतदान टाळून विकासकराराद्वारे व्यावसायिकांकडून ‘सामाजिक हितासाठी’ ठराविक टक्केवारी घेण्याची रीत स्वीकारली. या रकमेचे स्वरूप कराचेच आहे. तिला मतदारांची मान्यता तेवढी नसते.

कराचा पाया : कर कशावर मोजावा हा प्रश्न दरापेक्षाही नाजूक आहे. क्षेत्रफळ, वजन, किंमत व मादकता असे चार आधार प्रचारात आहेत.

क्षेत्रफळावरील कर मोजण्यास सोपा व चुकविण्यास अवघड असतो. हवाई छायाचित्रांवरूनही त्याची पडताळणी करता येते. गांजाच्या लागवडीसाठी अनेक दशके प्रसिद्ध असलेल्या उत्तर कॅलिफोर्नियातील हंबोल्ट काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये तो मान्य केला. उघड्यावरील लागवडीस चौ. फुटाला एक डॉलर, अंशतः कृत्रिम प्रकाशातील लागवडीस दोन व बंदिस्त जागेतील लागवडीस तीन डॉलर असे मूळ दर होते. म्हणजे दहा हजार चौ. फूट उघडी लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास वर्षाला दहा हजार डॉलर देणे लागे. पीक हाती आले की नाही, माल विकला गेला की नाही, याच्याशी या कराचा संबंध नव्हता. शेतसाऱ्याच्या ठराविक आकारणीचा दोष भारतीय वाचकास परिचित आहे. तोच येथे दिसून आला. २०२१ मध्ये घाऊक भाव कोसळले. परवाना घेऊन, पाणी व रस्ते यांविषयीच्या पर्यावरणीय अटी पूर्ण करण्यासाठी कर्ज काढून बसलेला लहान शेतकरी कराच्या हप्त्याने अडचणीत आला, तर परवाना न घेतलेला त्याचा शेजारी या देण्यापासून मुक्त राहिला. पर्यवेक्षक मंडळाने २०२२ मध्ये करात मोठी सूट दिली. तोपर्यंत अनेकांनी लागवड सोडली होती.

वजनावरील कराचा दोषही याच जातीचा आहे. राज्याने २०१८ पासून वाळलेल्या फुलांवर औंसाला ९·२५ डॉलर लागवड-कर घेतला. महागाईनुसार वाढत तो २०२२ मध्ये १०·०८ डॉलर, म्हणजे पौंडाला सु. १६१ डॉलर झाला. भाव उतरत असताना चढत जाणारा हा कर अखेर १ जुलै २०२२ पासून रद्द करण्यात आला. किंमतीवरील कर भावाबरोबर कमीजास्त होतो म्हणून व्यावसायिकांना सोयीचा, पण नगरपालिकेच्या अंदाजपत्रकास तो बेभरवशाचा असतो. मादक घटकाच्या (टीएचसी) प्रमाणावर कर बसविणे आरोग्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध आहे. राज्याच्या विधिमंडळ-विश्लेषक कार्यालयाने २०१९ मध्ये त्याचा पुरस्कार केला. इलिनॉय राज्यात २०२० पासून पस्तीस टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या मालावर दहा टक्के व त्याहून तीव्र मालावर पंचवीस टक्के कर आहे. मात्र या पद्धतीत प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हेच कराचे मोजमाप बनते आणि सोयीचा निकाल देणारी प्रयोगशाळा शोधण्याचा मोह वाढतो. लहान नगरपालिकेस अशी तपासणी झेपणारी नाही.

करांची साखळी : एकाच मालावर नगरपालिका, काउंटी व राज्य यांचे कर एकावर एक बसतात व प्रत्येक पुढचा कर मागील कर धरून मोजला जातो. दुकानदाराने शंभर डॉलरच्या मालावर दहा टक्के स्थानिक कर वेगळा दाखवून ग्राहकाकडून घेतला, तर रक्कम ११० डॉलर होते. तिच्यावर राज्याचा पंधरा टक्के अबकारी कर धरल्यास ती १२६·५० डॉलर व या रकमेवर नऊ टक्के विक्रीकर आकारल्यास सु. १३७·८९ डॉलर होते. तिन्ही दरांची बेरीज चौतीस असताना प्रत्यक्ष भार जवळजवळ अडतीस टक्के पडतो. लागवड व वितरण यांच्या टप्प्यांवर इतर नगरपालिकांनी घेतलेला कर मूळच्या शंभर डॉलरमध्ये अंतर्भूत असतो तो निराळाच. शेजारच्या प्रत्येक शहराने आपला दर स्वतंत्रपणे वाजवी ठरविला, तरी एकत्रित दर कोणीच ठरविलेला नसतो, हे या पद्धतीचे मूळ दुखणे आहे. लॉस अँजेल्सने मार्च २०१७ मध्ये मतदारांच्या संमतीने प्रौढांना होणाऱ्या किरकोळ विक्रीवर दहा टक्के, तर वैद्यकीय विक्रीवर पाच टक्के दर ठरविला. राज्याचा अबकारी कर १ जुलै २०२५ रोजी एकोणीस टक्क्यांवर गेला होता. व्यापार आणखी खालावेल या भीतीने विधिमंडळाने तो १ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा पंधरा टक्क्यांवर आणला.

६४ व्या प्रस्तावासोबतच्या अधिकृत अंदाजात राज्य व स्थानिक संस्था यांना मिळून वर्षाला काही शे दशलक्ष ते एक अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्नाची शक्यता वर्तविली होती. पहिल्या वर्षी, २०१८ मध्ये, राज्याकडे सु. ३४·५ कोटी डॉलर जमा झाले. पुढे आकडा वाढला, परंतु अनेक नगरपालिकांनी सुरुवातीच्या आशादायक अंदाजांवर कायम स्वरूपाचा खर्च बेतला होता. या व्यवसायाकडून पहिल्या एकदोन वर्षांत प्रामुख्याने तपासणीचा खर्च निघावा एवढीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.

उपविधींची घडण व सल्लागार : बहुतेक नगरपालिकांत या विषयाचा जाणकार अधिकारी नसतो. त्यामुळे नगरपालिकांच्या व काउंट्यांच्या राज्यव्यापी संघटनांनी तयार केलेले नमुने आणि खाजगी सल्लागार संस्था यांचा आधार घेतला जातो. सल्लागाराचे काम सामान्यतः नागरिकांच्या सभांपासून सुरू होते. मग जागांची पाहणी करून दुकानांसाठी योग्य विभाग नकाशावर दाखविणे, उपविधीचा व कर-प्रस्तावाचा मसुदा तयार करणे, उत्पन्नाचा अंदाज बांधणे, अर्जांना गुण देणे आणि व्यवसाय सुरू झाल्यावर हिशेबांची व मालसाठ्याची तपासणी करणे, अशी कामे येतात. सर्वांत वादग्रस्त काम गुणांकनाचे असते. परवाने मोजकेच असल्यामुळे प्रत्येकाला मोठी बाजारकिंमत येते व नाकारलेला अर्जदार न्यायालयात जातो. मोजक्या परवान्यांमुळे भ्रष्टाचारासही वाव मिळतो. मॅसॅचूसेट्स राज्यातील फॉल रिव्हरचा माजी महापौर गांजाव्यावसायिकांकडून पैसे उकळल्याबद्दल २०२१ मध्ये दोषी ठरला. ज्या संस्थेने उपविधी लिहिला तिनेच अर्जांना गुण द्यावेत व पुढे तिनेच तपासणी करावी, ही सोय नगरपालिकेच्या हिताची नव्हे. गुणांकनाचे निकष अगोदर प्रसिद्ध करणे व अपिलाची सोय ठेवणे हा त्यावरील किमान उपाय होय.

धोरणातील अस्थैर्याचे ठळक उदाहरण कॅलाव्हेरस काउंटीचे आहे. सप्टेंबर २०१५ च्या वणव्यात शेकडो घरे जळाल्यावर तेथील स्वस्त जमिनींवर लागवड करणाऱ्यांचा ओघ लागला. काउंटीने २०१६ मध्ये तातडीचा उपविधी करून नोंदणी सुरू केली व त्याच वर्षी मतदारांनी लागवडीवर कर मंजूर केला. पर्यवेक्षक मंडळातील बहुमत बदलले व जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे शुल्क व कर घेतल्यानंतर, व्यापारी लागवडीस बंदी घालण्यात आली. २०१९ मध्ये ती पुन्हा उठविण्यात आली.

गांजाबंदीच्या काळात विशेष झळ पोचलेल्या वस्त्यांतील लोकांना परवान्यांत प्राधान्य देण्याची योजना ओकलंडने २०१७ मध्ये प्रथम अंमलात आणली व इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. परवाना मिळूनही भांडवल न मिळाल्यामुळे अनेक लाभार्थी अडकून पडले. २०२१ मध्ये राज्याने तीन नियामक कार्यालये एकत्र करून एकच विभाग स्थापिला आणि पर्यावरणीय छाननीअभावी रखडलेले तात्पुरते परवाने मार्गी लावण्यासाठी सतरा शहरे व काउंट्या यांना दहा कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. त्यांत लॉस अँजेल्स व हंबोल्ट यांचा समावेश होता.

संघीय कायद्याची छाया : राज्याच्या दृष्टीने वैध व्यापारही संघीय कायद्याने गुन्हा ठरत असल्याने बहुतेक बँका या व्यावसायिकांची खाती उघडण्यास कचरत आल्या आहेत. परिणामी कराच्या रकमा रोख नोटांच्या थैल्यांतून आणल्या जात व त्या मोजण्यासाठी नगरपालिकांना सुरक्षित खोल्या व पहारा यांची तजवीज करावी लागे. १९८२ मध्ये संघीय आयकर कायद्यात घातलेल्या एका कलमामुळे अशा व्यावसायिकांना भाडे, पगार इ. नेहमीचे खर्च उत्पन्नातून वजा करता येत नसत. नफा नसतानाही आयकर द्यावा लागल्याची उदाहरणे त्यातून घडली. स्थानिक दर ठरविताना हा बोजा क्वचितच विचारात घेतला गेला.

अन्य प्रदेश : कोलोरॅडोमध्ये राज्याच्या पंधरा टक्के विशेष विक्रीकराचा दहा टक्के हिस्सा दुकाने असलेल्या स्थानिक संस्थांना देण्याची पद्धत ठरविण्यात आली. प्वेब्लो काउंटीने २०१५ मध्ये लागवडीवरील कर मंजूर करून त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याची सोय केली. वॉशिंग्टन राज्याने प्रारंभी तीन टप्प्यांवर पंचवीस टक्के कर ठेवला होता. २०१५ मध्ये तो काढून किरकोळ विक्रीवर सदतीस टक्के असा एकच कर ठेवण्यात आला. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक हिस्सा चार टक्के ठरवून विक्री नको असलेल्या नगरांना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत नकार कळविण्याची मुदत दिली होती. कॅलिफोर्नियात मान्यता नसेल तर बंदी गृहीत धरली जाते, येथे नकार नसेल तर संमती गृहीत धरली गेली. कॅनडामध्ये १७ ऑक्टोबर २०१८ पासून व्यापार वैध झाला. तेथे केंद्राने ग्रॅमला एक डॉलर किंवा दहा टक्के, यांपैकी अधिक असेल ते शुल्क बसवून त्यातील पंचाहत्तर टक्के प्रांतांना देण्याचे ठरविले. ऑन्टॅरिओ प्रांतातील नगरपालिकांना दुकाने नाकारण्यासाठी २२ जानेवारी २०१९ पर्यंत मुदत होती. गांजावर स्वतःचा कर बसविण्याचा अधिकार मात्र त्यांना देण्यात आला नाही.